थोरियमला विरजण लागतं

गॅसबत्ती पेटताना ज्यांनी पाहिली आहे, ते तिची जाळी विसरत नाहीत. तान्ह्या बाळाच्या मोज्यासारखी दिसणारी ती पांढरी, मऊ पिशवी बत्तीच्या नळीला दोऱ्याने बांधायची आणि काडी लावायची. कापड बघता बघता जळून जायचं. मागे उरायचा राखेचा सांगाडा, इतका नाजूक की बोट लागलं तर भुगा. पण पंप मारून रॉकेलची वाफ सोडली की तोच सांगाडा असा तळपायचा, की लग्नाच्या वरातीत, तमाशाच्या फडात, आठवडी बाजारातल्या संध्याकाळी त्याच्यापुढे कंदील बिचारे वाटायचे.

ती राख थोरियमची होती. जाळीचं कापड थोरियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवलेलं असायचं. कापड जळलं की थोरियम ऑक्साइड उरायचं, सोबत जेमतेम एक टक्का सेरियम. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही जुळणी साधली आणि युरोपातल्या रस्त्यांवरचे गॅसचे दिवे उजळले. त्या प्रकाशाशी अणुशक्तीचा काही संबंध नव्हता. ती निव्वळ उष्णतेची करामत. पण जाळ्यांसाठी थोरियम हवं म्हणून जग धुंडाळणाऱ्या जर्मनांना ते सापडलं ते मात्र आपल्याकडे. १९०९ साली शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट या खनिजाचे कण दिसले. त्या कणांचा माग काढत तो आजच्या कन्याकुमारी जिल्ह्यातल्या मनवलकुरिचीला पोचला आणि तिथली वाळू जहाजांत भरून जर्मनीला जाऊ लागली.

आज शंभरहून अधिक वर्षांनी त्याच वाळूचा दाखला देऊन आपल्याकडे एक वाक्य हमखास टाकलं जातं. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत, चहाच्या टपरीवर आणि अर्थातच व्हॉट्सअ‍ॅपवर. भारताकडे इतकं थोरियम आहे, की शेकडो वर्षं विजेची चिंता नको. वाक्य खोटं नाही. केरळ, तमिळनाडू, ओडिशा आणि आंध्रच्या किनाऱ्यांवर एक कोटी टनांहून अधिक मोनाझाइट असल्याचा अणुऊर्जा विभागाचा अंदाज आहे आणि त्यात साधारण नऊ-दहा टक्के थोरियम ऑक्साइड असतं. (रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही काळी वाळू आहे, पण ती मुख्यतः इल्मेनाइटची. तिच्यात टायटॅनियम मिळतं.) मग या थोरियमवर चालणारं एकही वीजकेंद्र देशात का नाही, असं कुणी विचारलं की दोनपैकी एक उत्तर मिळतं: शास्त्रज्ञांना जमलं नाही, नाहीतर परदेशी शक्तींनी दाबून ठेवलं.

दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. खरी हकीकत त्यांच्यापेक्षा पुष्कळ रंजक आहे.

सुरुवात इंधन या शब्दापासून केलेली बरी. अणुभट्टीत चुलीसारखं काही जळत नाही. जड अणूचं केंद्रक न्यूट्रॉनच्या धक्क्याने फुटतं, उष्णता बाहेर पडते आणि सोबत दोन-तीन नवे न्यूट्रॉन निघतात. त्यातल्या एकाने पुढचं केंद्रक फोडलं की साखळी चालू राहते. असं सहज फुटणारं, साठा करून वापरण्याजोगं द्रव्य निसर्गात एकच आहे: युरेनियम-२३५. खाणीतून काढलेल्या युरेनियमच्या हजार अणूंत ते फक्त सात असतात. बाकीचे जवळजवळ सगळे युरेनियम-२३८. म्हणून जगातल्या बहुतेक अणुभट्ट्यांत युरेनियम-२३५ चं प्रमाण तीन ते पाच टक्क्यांपर्यंत वाढवून, म्हणजे युरेनियम समृद्ध करून, वापरतात. भारताच्या बहुसंख्य अणुभट्ट्या मात्र जड पाण्याच्या आहेत. न्यूट्रॉन मंद करायला वापरलेलं जड पाणी ते फारसे गिळत नाही, त्यामुळे तिथे सात अणूंवरही भागतं.

थोरियमची गंमत अशी, की ते स्वतःहून साखळी चालवतच नाही. थोरियम-२३२ च्या केंद्रकावर न्यूट्रॉन आदळला तर ते फुटायच्या ऐवजी त्याला गिळून बसतं. मग पुढचा खेळ सुरू होतो. बावीस मिनिटांच्या अर्धायुष्याने त्याचं प्रोटॅक्टिनियम होतं आणि सत्तावीस दिवसांच्या अर्धायुष्याने प्रोटॅक्टिनियमचं युरेनियम-२३३. हे युरेनियम-२३३ निसर्गात मिळत नाही, पण इंधन म्हणून अव्वल आहे. एक अणू फोडायला जितके न्यूट्रॉन खर्चावे लागतात आणि जितके परत मिळतात, त्या हिशेबात मंद न्यूट्रॉनच्या भट्टीत ते युरेनियम-२३५ आणि प्लुटोनियम दोघांनाही मागे टाकतं.

घरातलं उदाहरण घ्यायचं तर थोरियम म्हणजे दूध आहे. पातेलंभर दूध कितीही वेळ ठेवलं तरी त्याचं कवडीदार दही लागत नाही. चमचाभर विरजण घालावं लागतं. थोरियमचं विरजण म्हणजे सुरुवातीला न्यूट्रॉन पुरवणारं दुसरं कुठलं तरी इंधन: समृद्ध युरेनियम किंवा प्लुटोनियम. दही चांगलं लागलं की त्यातलंच थोडं उद्यासाठी बाजूला काढता येतं. पण पहिलं विरजण शेजारणीकडून आणावंच लागतं. भारताच्या थोरियमची सत्तर वर्षांची कहाणी बऱ्याच अंशी या पहिल्या विरजणाची कहाणी आहे.

नेहमीचं युरेनियम सोडून इतर इंधनांवर अणुभट्टी चालेल का, या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वीच मिळालं आहे. चालते.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या शिपिंगपोर्ट वीजकेंद्रात अ‍ॅडमिरल हायमन रिकोव्हर यांच्या देखरेखीखाली १९७७ साली थोरियमचा गाभा बसवला गेला. सुमारे ४२ टन थोरियम आणि त्यात विरजणापुरतं ५०० किलोच्या आसपास युरेनियम-२३३. पाच वर्षं त्याने वीज दिली. १९८२ मध्ये ती बंद झाली. पुढे गाभा बाहेर काढून मोजदाद झाली, तेव्हा फुटण्याजोगं द्रव्य सुरुवातीपेक्षा १.३९ टक्क्यांनी जास्त भरलं. पाच वर्षं रोज वाट्या भरभरून दही काढूनही पातेल्यात कालच्यापेक्षा थोडं जास्तच. तेही साध्या पाण्याच्या भट्टीत! पण ते पहिलं ५०० किलो विरजण सरकारच्या दुसऱ्या अणुभट्ट्यांत महागात तयार करून घ्यावं लागलं होतं. तो खर्च कुठल्याही खासगी वीज कंपनीला झेपणारा नव्हता, आणि एवढ्या यशस्वी प्रयोगाची पुन्हा कुणी री ओढली नाही.

जर्मनीची गोष्ट निराळी. हाम शहराजवळच्या अणुभट्टीत इंधनाच्या सळ्यांऐवजी गोळे होते, टेनिसच्या चेंडूएवढे, ग्राफाइटचे, पोटात थोरियम आणि युरेनियमचे बारीक कण भरलेले. असे पावणेसात लाख गोळे भट्टीत वरून सोडायचे, खालून काढायचे आणि मधून हेलियम वायू फिरवून उष्णता न्यायची. कागदावर हे फार देखणं होतं. प्रत्यक्षात नियंत्रक सळ्या गोळ्यांच्या ढिगात खुपसताना अपेक्षेपेक्षा खूपच जास्त गोळे फुटू लागले. ४ मे १९८६ रोजी नळीत अडकलेला एक गोळा सोडवण्याच्या खटपटीत किरणोत्सारी धूळ धुराड्यातून बाहेर गेली. चर्नोबिलच्या स्फोटाला तेव्हा आठवडाभरच लोटला होता. धूळ थोडी होती, पण त्या आठवड्यात जर्मनीत कुणी थोडी-जास्त मोजायच्या मनःस्थितीत नव्हतं. पूर्ण शक्तीने सव्वाचारशे दिवस चालल्याइतकी वीज देऊन १९८९ मध्ये ती कायमची बंद करायचं ठरलं. गोळ्यांतलं थोरियम कामाला कुठेच कमी पडलं नव्हतं.

बाँबचंही इंधन झालेलं आहे. १९९३ साली अमेरिका आणि रशिया यांच्यात करार झाला. सोव्हिएत काळातल्या अण्वस्त्रांतलं ५०० टन अतिसमृद्ध युरेनियम पातळ करून, म्हणजे कमी समृद्ध युरेनियमात मिसळून, अमेरिकेतल्या वीजकेंद्रांना विकायचं. हे द्रव्य सुमारे २० हजार अण्वस्त्रांच्या तोलाचं होतं. २०१३ च्या डिसेंबरात शेवटचा माल बाल्टिमोरला उतरला. मधली वीस वर्षं अमेरिकेतला सरासरी दहावा दिवा अमेरिकेवरच रोखलेल्या अस्त्रांवर जळत होता. प्लुटोनियमच्या बाबतीत मात्र एवढं सोपं गेलं नाही. फ्रान्स वापरलेल्या इंधनातलं प्लुटोनियम वेगळं काढून, युरेनियममध्ये मिसळून अनेक वर्षं सर्रास वापरतो. या मिश्रणाला ‘मॉक्स’ म्हणतात. अमेरिकेने शस्त्रांतल्या प्लुटोनियमचं मॉक्स करण्यासाठी साउथ कॅरोलायनात कारखाना बांधायला घेतला, अब्जावधी डॉलर ओतले आणि २०१८ मध्ये अर्धवट अवस्थेत सोडून दिला.

वेगळं इंधन वापरायची हौस म्हणून हे प्रयोग करणारे देश वेगळे आणि गळ्याशी आलं म्हणून करणारे वेगळे. भारत दुसऱ्या रांगेतला. आणि या दुसऱ्या रांगेतल्या कामाचा मोठा भाग महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर झाला आहे, तुर्भ्याला आणि तारापूरला.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकन बनावटीच्या. १९६९ साली त्यांची वीज सुरू झाली आणि समृद्ध युरेनियम अमेरिकेनेच पुरवायचं असं ठरलं होतं. १९७४ मध्ये पोखरणला स्फोट झाला आणि अमेरिकेचा हात आखडू लागला. पुढे काही वर्षं फ्रान्सने इंधन दिलं, तोही करार संपला. तेव्हा तारापूरलाच घरचं मॉक्स करून १९९४ पासून त्याच्या सळ्यांचे काही जुडगे भट्टीत घालून पाहण्यात आले. भट्टीने ते निमूट स्वीकारले. समृद्ध युरेनियमच्या जागी घरचं प्लुटोनियम चालतं, एवढं त्यातून पक्कं झालं.

याहून धाडसाचं काम तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आधीच होऊन गेलं होतं. ते बाहेर फारसं माहीत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगायला हवं.

तमिळनाडूतल्या कल्पाक्कमला एक छोटी शीघ्र प्रजनक अणुभट्टी, म्हणजे इंधन वापरता वापरता नवं तयार करणारी भट्टी, उभी राहत होती, फ्रान्सच्या नमुन्यावर. तिच्यात न्यूट्रॉन मंद करायचे नसतात, म्हणून पाण्याऐवजी वितळलेलं सोडियम फिरवतात. ठरल्याप्रमाणे तिचं इंधन ८५ टक्के समृद्ध युरेनियम आणि प्लुटोनियमच्या ऑक्साइडचं मिश्रण असणार होतं. पोखरणनंतर फ्रान्सने ते अतिसमृद्ध युरेनियम द्यायला नकार दिला. भट्टी तयार होत आलेली आणि इंधनाचा पत्ता नाही! उरला पर्याय प्लुटोनियमचं प्रमाण भरपूर वाढवायचा. पण ऑक्साइडमध्ये इतकं प्लुटोनियम घातलं तर ते सोडियमशी नीट नांदत नाही. तेव्हा ऑक्साइड सोडून कार्बाइड घ्यायचं ठरलं: ७० टक्के प्लुटोनियम कार्बाइड, ३० टक्के युरेनियम कार्बाइड. अशा इंधनावर सगळी अणुभट्टी चालवल्याचं उदाहरण जगात नव्हतं. कुणाला फोन करून विचारावं, तर उत्तर देणारं कुणी नव्हतं.

कार्बाइडची भुकटी म्हणजे धुमसता निखारा. हवेतला ऑक्सिजन लागला तर पेट घेते, दमट हवेशी तिचं वाकडं, आणि मुंबईच्या हवेत दमटपणाखेरीज असतं काय? शिवाय ते प्लुटोनियम. कणभर श्वासात जाणंही घातक. त्यामुळे भुकटी दळणं, दाबून गोळ्या करणं, भट्टीत भाजणं हे सगळं काम निष्क्रिय वायू भरलेल्या बंद पेट्यांमध्ये, पेटीच्या भिंतीला जोडलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालून करायचं. ऑक्सिजन आणि वाफेचं प्रमाण दशलक्षांत काही कणांवर गेलं तरी माल बिघडायचा. तरीही गोळ्या तयार झाल्या, सळ्यांत भरल्या गेल्या आणि १८ ऑक्टोबर १९८५ रोजी कल्पाक्कमच्या भट्टीत साखळी सुरू झाली.

आधी फार जपून वागवलं या इंधनाला. प्रत्येक टनामागे २५ हजार मेगावॉट-दिवस एवढीच उष्णता घ्यायची, मग बाहेर काढायचं, असा बेत होता. तपासणीत ते ठणठणीत निघालं, म्हणून मर्यादा वाढवत नेली. अखेर ती १ लाख ६५ हजारांवर गेली. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांतलं नैसर्गिक युरेनियम सात हजारांच्या आसपास थकतं, हे लक्षात घेतलं म्हणजे या आकड्याचं वजन कळतं. पुढे या वापरलेल्या कार्बाइडमधून प्लुटोनियम परत मिळवण्याचं कामही कल्पाक्कमलाच जमलं. नाइलाजाने निवडलेलं इंधन मूळच्या बेतापेक्षा सरस निघाल्याची अशी उदाहरणं तंत्रज्ञानाच्या इतिहासात थोडीच असतील.

मग थोरियमचं काय? तेही याच परिसरात कधीचं सुरू आहे. तुर्भ्याच्या ‘सायरस’ अणुभट्टीत थोरियमच्या सळ्या ठेवून युरेनियम-२३३ मिळवलं गेलं. ते द्रावणाच्या रूपात वापरून १९८४ मध्ये ‘पूर्णिमा-२’ ही प्रायोगिक भट्टी चालवली. १९९६ च्या ऑक्टोबरात कल्पाक्कमला ‘कामिनी’ सुरू झाली. नाव मोहक आहे, पण ते ‘कल्पाक्कम मिनी’ची जुळवाजुळव. शक्ती ३० किलोवॉट, म्हणजे दहा अश्वशक्तीच्या चार पिठाच्या गिरण्यांइतकी. गाभ्यात युरेनियम-२३३ जेमतेम ६०० ग्रॅम. ती वीज करत नाही. न्यूट्रॉनच्या झोताने वस्तूंच्या आतली छायाचित्रं घेण्यासाठी ती वापरतात. इस्रोच्या यानांतल्या स्फोटक जोडण्या त्या झोताखाली तपासल्या जातात. गुजरातेतल्या काकरापारच्या पहिल्या अणुभट्टीतही सुरुवातीला थोरियमचे जुडगे घातले होते, गाभ्यातली उष्णता सगळीकडे सारखी राहावी म्हणून.

तेव्हा ‘जमलं नाही’ हा आरोप बाद. मोठं वीजकेंद्र का नाही, हा प्रश्न उरतोच.

पहिलं कारण युरेनियम-२३३ च्या पाठीला लागलेलं भूत आहे. त्याचं नाव युरेनियम-२३२. थोरियमपासून युरेनियम-२३३ तयार होताना थोडंसं युरेनियम-२३२ हटकून तयार होतं आणि रासायनिक पद्धतीने दोन्ही वेगळी करता येत नाहीत, कारण रसायनशास्त्राच्या लेखी दोन्ही युरेनियमच. २३२ चं विघटन होत होत शेवटी थॅलियम-२०८ येतं आणि त्यातून इतके भेदक गॅमा किरण निघतात, की कार्बाइडसाठी पुरणाऱ्या त्या रबरी हातमोज्यांचा इथे उपयोग नाही. जाड भिंतींच्या आत, यंत्रांच्या हातांनी, काचेआडून बघत गोळ्या कराव्या लागतात. एखाद्या प्रयोगाच्या सळ्या अशा होतील. वर्षाला टनांच्या हिशेबात करायच्या तर तो कारखाना फार महाग पडतो.

दुसरं कारण थोरियम ऑक्साइडचा हट्टी स्वभाव. ते सुमारे ३,३०० अंशांपर्यंत वितळत नाही. भट्टीत असताना हा गुण. गॅसबत्तीच्या जाळीला हाच गुण उपयोगी पडला. पण वापरलेलं इंधन विरघळवून त्यातलं युरेनियम-२३३ काढायची वेळ आली की तोच अवगुण ठरतो. युरेनियमचं ऑक्साइड नायट्रिक आम्लात मुकाट विरघळतं. थोरियमला आम्लात फ्लोराइड मिसळावं लागतं आणि फ्लोराइड पोलादाच्या भांड्यांनाच खाऊ लागतं.

तिसरं कारण सर्वांत रुक्ष आणि म्हणूनच सर्वांत बळकट आहे. अणुविजेच्या दरात कच्च्या युरेनियमचा वाटा अगदी लहान असतो. पैसा जातो तो बांधकामात आणि कर्जाच्या व्याजात. थोरियम फुकट मिळालं तरी विजेचं बिल फारसं उतरणार नाही. ज्या देशांना युरेनियम विकत मिळतं, त्यांनी नवं इंधन, नवे कारखाने, नवे परवाने यांचा खटाटोप कशाला करावा? जपानने तर समुद्राच्या पाण्यातून युरेनियम काढून पाहिलं आहे. टनभर पाण्यात ते तीन मिलिग्रॅमच्या आसपास असतं, तरी खास कापडाच्या गाठोड्यांनी किलोभर गोळा झालं. ते परवडत नाही, पण युरेनियम संपणार म्हणून घाबरण्याचं कारण नाही, एवढं त्यातून दिसतं.

थोरियमपासून बाँब होत नाही आणि त्याचा कचरा निरुपद्रवी असतो, असंही सांगितलं जातं. त्यातलं पहिलं विधान अमेरिकेने १९५५ मध्येच खोडून काढलं. नेवाडाच्या वाळवंटातल्या एका चाचणीत युरेनियम-२३३ वापरलं होतं. कचऱ्याबद्दल अर्धं खरं आहे. हजारो वर्षं टिकणारी प्लुटोनियमच्या जातीची मूलद्रव्यं थोरियमच्या चक्रात कमी तयार होतात. पण केंद्रक फुटल्यावर उरणारे तुकडे, सीझियम आणि स्ट्रॉन्शियमसारखे, तेवढेच आणि तितकेच किरणोत्सारी.

भारताची अडचण मात्र इतर देशांसारखी नव्हती. आपल्याकडे युरेनियम कमी, ते हलक्या प्रतीचं, आणि १९७४ नंतर बाहेरचं मिळणं अवघड झालं. होमी भाभांनी १९५४ मध्येच तीन टप्पे मांडले होते. पहिल्यात जड पाण्याच्या भट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालवून त्यातून प्लुटोनियम काढायचं. दुसऱ्यात ते प्लुटोनियम शीघ्र प्रजनक भट्ट्यांत घालून वाढवायचं. आणि तिसऱ्यात, विरजणाचा हंडा भरला की थोरियम. घाई करून थोरियम आधीच आत घातलं तर प्लुटोनियमची वाढ खुंटते आणि एकूण वीज कमीच मिळते, हा त्यातला हिशेब. दूध भरपूर आणि विरजण चमचाभर असताना सगळं दूध एकदम लावायला जाऊ नये, हे घरातल्या आजीला सांगावं लागत नाही.

हिशेब बरोबर होता, वेळापत्रक कोलमडलं. कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉटच्या मोठ्या प्रजनक भट्टीचं काम २००४ मध्ये सुरू झालं. २०१० पर्यंत ती चालू होईल असं सांगितलं जात होतं. तिचा गाभा भरायला सुरुवात झाली मार्च २०२४ मध्ये. भाभा केंद्राने खास थोरियमसाठी ३०० मेगावॉटच्या प्रगत जड पाणी अणुभट्टीचा आराखडा केला, तिच्या गाभ्याचं गणित तपासणारी छोटी भट्टी २००८ मध्ये तुर्भ्याला चालूही झाली. मूळ भट्टीची वीट मात्र रचली गेली नाही.

दुसरी वाट चीनने धरली आहे, आणि ती अमेरिकेने टाकून दिलेली. टेनेसीतल्या ओक रिजला १९६५ ते १९६९ या काळात एक भट्टी अशी चालली, की तिचं इंधनच पातळ होतं: साडेसहाशे अंशांच्या वितळलेल्या क्षारात विरघळलेलं युरेनियम. गोळ्या नकोत, सळ्या नकोत. तळाच्या नळीत क्षाराचंच बूच, बाहेरून पंख्याने गार करून गोठवलेलं. वीज गेली की पंखा बंद, बूच वितळतं आणि सगळं इंधन उतरून खालच्या टाक्यांत जातं. १९६८ मध्ये याच भट्टीत युरेनियम-२३३ घालून ती चालवली गेली. थोरियम मात्र तिच्यात कधी घातलं नव्हतं, ही गोष्ट तिचे भक्त अनेकदा विसरतात. तिचे पुरस्कर्ते अ‍ॅल्विन वाइनबर्ग यांना १९७३ मध्ये ओक रिज सोडावं लागलं. बंद भट्टीतल्या क्षारातून युरेनियमचा वायू नळ्यांत सरकत असल्याचं पंचवीस वर्षांनी उघडकीला आलं आणि सफाईचं मोठं काम निघालं.

चीनच्या विज्ञान अकादमीने २०११ मध्ये तोच धागा पुन्हा उचलला. गान्सू प्रांतात, वाळवंटाच्या कडेला, दोन मेगावॉट उष्णतेची भट्टी उभारली. २०२३ मध्ये तिच्यात साखळी सुरू झाली, २०२४ च्या जूनमध्ये ती पूर्ण शक्तीने चालली आणि त्याच वर्षी तिच्या क्षारात थोरियम घातलं गेलं. ती वीज देत नाही आणि तिचं विरजणही समृद्ध युरेनियमचंच आहे. पण ओक रिजने जे केलं नव्हतं ते तिने केलं.

भारतात विरजणाचा नवा मार्ग सुचवणाऱ्यांत सगळ्यात परिचित नाव मराठी आहे. डॉ. अनिल काकोडकर भाभा केंद्राचे संचालक आणि नंतर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते.  प्रजनक भट्ट्यांची वाट पाहत न बसता, चालू असलेल्या जड पाण्याच्या भट्ट्यांतच थोरियम घालावं, असं ते काही वर्षांपासून मांडत आहेत. विरजण म्हणून पाच ते वीस टक्क्यांच्या मधलं समृद्ध युरेनियम बाहेरून आणायचं. शिकागोच्या एका कंपनीने असं इंधन तयार केलं असून त्याला नावही ‘अनील’ दिलं आहे, काकोडकरांच्या सन्मानार्थ. अमेरिकेतल्या आयडाहोच्या चाचणी भट्टीत त्याच्या गोळ्या तपासल्या गेल्या आहेत. यात भट्टी बदलायची नाही, जुडग्याचा आकार बदलायचा नाही, आणि प्रत्येक जुडगा नैसर्गिक युरेनियमपेक्षा कित्येक पट जास्त काळ टिकतो. अडचण तीच जुनी. त्या प्रतीचं समृद्ध युरेनियम विकण्याजोगं करणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि शेजारणीने दार लावून घेतलं की काय होतं हे तारापूरने पाहिलेलं आहे.

इकडे मनवलकुरिचीच्या वाळूला भलत्याच बाजूने गिऱ्हाईक आलं आहे. मोनाझाइटमध्ये थोरियमसोबत निओडायमियमसारखी दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं असतात. विजेवरच्या मोटारी आणि पवनचक्क्यांतले चुंबक त्यांच्यापासून होतात. २०२५ मध्ये चीनने काही दुर्मिळ मृदांच्या आणि चुंबकांच्या निर्यातीवर बंधनं घातली, तेव्हा देशातल्या वाहन कंपन्यांची धावपळ उडाली आणि सरकारला आपली वाळू आठवली. चुंबकांसाठी मोनाझाइट फोडलं की थोरियम आपोआप वेगळं पडतं. ते कुणी मागितलेलं नसतं. केरळात आलुव्याजवळच्या उद्योगमंडलला, भारत सरकारच्या दुर्मिळ मृदा कारखान्याच्या आवारात, अशा थोरियम हायड्रॉक्साइडने भरलेल्या काँक्रीटच्या कोठ्या कित्येक वर्षांपासून उभ्या आहेत. चुंबकांचं काम वाढलं की त्या कोठ्यांत आणखी भर पडेल.